नानांचा व्हिसा

रत्नाकर मोहरीरनं हॉलंडात तेरा दिवसांत अकराशे फोटो काढले आणि रायपूरला परत आल्यावर त्यातले सत्तावन्न पुसून टाकले. फोटो काही वाईट आले नव्हते. उलट दोनचार तर फारच झकास होते. पण त्या प्रत्येकात कुठे ना कुठे एक चाकाची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत एखादं म्हातारं माणूस आरामात बसलेलं होतं.

हे काम त्यानं शनिवारी दुपारी बेडरूमचं दार लावून केलं. बाहेर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, पेटलेला, तेलीबांध्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आणि हा चोपन्न वर्षांचा गृहस्थ, नवा रायपूरच्या सरकारी ऑफिसात ज्याच्या सहीवाचून फाइल हलत नाही, तो कूलरसमोर पाय पोटाशी घेऊन एकेक फोटो बोटांनी मोठा करून कोपऱ्यात चाक दिसतंय का ते बघत होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बहीण इंदू आणि तिचे यजमान हरिदासराव बुढापाऱ्याहून येणार होते. खालच्या मजल्यावरच्या मंजिरीताईंनाही बोलावणं होतं. पोहे-जलेबीचा बेत होता आणि मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना परदेश दाखवायचा होता. टीव्हीच्या सगळ्यांत जवळच्या खुर्चीवर नाना बसणार होते, आणि खरी भीती त्यांचीच होती.

नाना म्हणजे रत्नाकरचे वडील, श्यामकांत मोहरीर. वय एक्याऐंशी. छत्तीस वर्षं त्यांनी रायपूरच्या एका शाळेत पोरांना ड्रॉइंग शिकवलं. त्यांच्याजवळ एका खत कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान होतं आणि त्या पानावर एक डच चित्र छापलेलं होतं. विटांच्या भिंतीचं अंगण, झाडू मारणारी बाई, आणि उघड्या दारातून पलीकडे दिसणारा कालवा. त्या अंगणातल्या फरशा मोजायला लावून नानांनी शेकडो पोट्ट्यांना लांबची वस्तू लहान का दिसते ते शिकवलं. पण तारखांना जागा हवी म्हणून छापणाऱ्यानं चित्राची डावी कड कापून टाकली होती. त्या कापलेल्या कडेत काय असेल, याची नानांच्या जिवाला जन्मभर चुटपुट.

तेव्हा नात अबोली नोकरीसाठी हॉलंडला गेली आणि ते चित्र अॅमस्टरडॅमच्या मोठ्या म्युझियममध्ये आहे असं तिनं फोनवर सांगितलं, त्या दिवशी नाना जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासपोर्टचा अर्ज केला. एकोणऐंशीव्या वर्षी. पडताळणीला आलेल्या हवालदाराला सरबत पाजून त्यांनी चित्रही समजावून सांगितलं. यंदा अबोलीनं सगळ्यांना बोलावलं: आई, बाबा, धाकटा भाऊ विराज आणि नाना.

आणि इथं रत्नाकर कचरला. नानांना दर तासाला बाथरूमला जावं लागतं. गुडघे धड नाहीत. मागच्या दिवाळीत तलावावर फिरायला गेले आणि दोन तास सापडले नाहीत. एका फुगेवाल्याला फुग्याची सावली कशी काढतात ते शिकवत बसले होते. त्यांना घेऊन विमानात आठ-दहा तास, मग परकं शहर, मग म्युझियम? अर्चना, रत्नाकरची बायको, भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही नानांना सांभाळा, विराजला सांभाळा, मी आपली घरी थांबते." लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला यातलं सगळं कळतं.

सरळ जाऊन "नाना, तुम्हाला नेणं जमणार नाही" म्हणायला छाती लागते. ती रत्नाकरची नव्हती. मग त्यानं ते डच सरकारच्या तोंडून वदवलं. नानांचा पासपोर्ट आणि सही केलेले कागद नेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. ज्येष्ठ नागरिकांना बोटांचे ठसे द्यायला मुंबईला यावं लागत नाही अशी लोणकढी थाप ठोकली. तिघांचे व्हिसा आल्यावर चौथा पासपोर्ट नानांच्या हाती देत, जमिनीकडे बघत सांगितलं, "तुमचा नाकारला, नाना."

नाना हसले. म्हणाले, "जाऊ दे रे. त्यांले वाटलं असन, हा बुढा येऊन इथंच मुक्काम ठोकते." इथवर निभावलं असतं. पण चार दिवसांनी, चहा पिता पिता, त्यांनी हळूच विचारलं, "रत्नाकर, माझी सही हलली होती, म्हणून तर नाही ना?"

नानांचा हात दोनेक वर्षांपासून थरथरत होता. ज्या हातानं फळ्यावर एका झटक्यात गोल वर्तुळ निघायचं तो हात. रत्नाकर "छे छे, तसं काही नसतं" म्हणाला आणि आंघोळीला पळाला. त्या दिवसापासून नानांनी विराजची एक अर्धी भरलेली वही घेतली आणि रोज सकाळी तिच्यात स्वतःची सही घोटायला लागले. श्यामकांत मोहरीर, श्यामकांत मोहरीर, पानंच्या पानं. रत्नाकर रोज त्या वहीसमोरून ऑफिसला जायचा. खरं सांगून टाकावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो लिफ्टचं बटण दाबायचा.

तर असा हा गुन्हेगार रविवारी सकाळी टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभा होता. पोहे झाले, शेव पडली, जलेबीचा पुडा सुटला. हरिदासराव सोफ्यावर मांडी घालून बसले. नाना धुतलेला पायजमा-सदरा घालून पुढच्या खुर्चीत, चष्मा पुसून तयार.

"तर हा आमचा अॅमस्टरडॅमचा दिवस," रत्नाकर म्हणाला. "अबोलीच्या गावाहून रेल्वेनं सकाळी निघालो."

स्टेशन आलं, सायकलींचा डोंगर आला, मग कालवे आले. पाण्याच्या दोन्ही बाजूंना उंच, अरुंद घरं, काही पुढे झुकलेली. नानांनी हात वर करून फोटो थांबवायला लावला.

"हे पडून राहिले का पुढं?"

"नाही नाना, मुद्दाम झुकवलेत. वर तो आकडा दिसून राहिला ना? जिने अरुंद, म्हणून सामान दोरीनं खिडकीतून वर घ्यायचे. भिंतीवर आपटू नये म्हणून घरच पुढे झुकवलं."

"वा रे पट्ठे!" नाना खूश. इंदू म्हणाली, "आमच्या गल्लीत तर फ्रीज चढवताना जिन्याचा कठडा तोडला." मंजिरीताई पाण्यावरच्या घरांवर खूश झाल्या. बोटीतच स्वयंपाकघर, खिडकीत मांजर, वर छपरावर टोमॅटोची कुंडी. "डास नसतील का हो?" त्यांनी विचारलं. कोणाला माहीत नव्हतं.

रत्नाकर सांगत होता झकास, पण टीव्हीवर जे नव्हतं तेच त्याला दिसत होतं. कालव्याच्या बोटीत चढताना बोटवाल्या पोरीनं एक फळी टाकली होती आणि त्या फळीवरून नव्वदीचा एक गोरा म्हातारा खुर्चीसकट आत आला होता. पायावर शाल, हातात आइस्क्रीम. मुलगा, तोही साठीचा, मधूनमधून त्याची हनुवटी पुसत होता. बोट दीड तास फिरली. पुलांखालून जाताना म्हातारा दर वेळी खाली वाकायचा, खुर्चीत बसलेला असून, आणि बापलेक दोघंही हसायचे. अबोली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, नाना पाहिजे होते. मी व्हिसासाठी पाठवलेल्या पत्रात तर काही चुकलं नसेल ना? मले सारखं वाटून राहिलं माझ्यामुळंच नाकारला." रत्नाकरनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला होता. एका थापेत बाप आणि लेक, दोघंही आपापल्या चुका शोधत बसलेले. त्याला स्वतःची किळस आली होती, पण बोट चालू होती आणि पलीकडे बदकं होती, म्हणून त्यानं बदकांचे फोटो काढले.

"अन् हे म्युझियम," त्यानं बटण दाबलं.

म्युझियममध्ये तर देवानं त्याला गाठूनच मारलं होतं. दारातच चाकाच्या खुर्च्यांची रांग. फुकट. हवी ती घ्या. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट, प्रत्येक दालनात बसायला बाक, पावलापावलावर बाथरूमची पाटी. नेता न येण्याची जेवढी कारणं त्यानं मार्च महिन्यात मनाशी रचली होती, तेवढ्यांची उत्तरं त्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवली होती.

आता टीव्हीवर ते चित्र आलं. नाना खुर्चीतून पुढे सरकले.

"हेच ते, हरिदास. दिसून राहिलं का?"

"हव, नाना," हरिदासराव म्हणाले. "लहानच दिसते."

"एवढंच आहे. दीड हात."

त्या दिवशी रत्नाकरनं चित्रासमोरून इंदूच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला होता. नाना तेव्हा बुढापाऱ्याला इंदूकडे राहायला होते. "डावीकडे ने," नाना तिकडून ओरडले होते. "आणखीन. आणखीन थोडं. थांब!" कॅलेंडरनं कापलेल्या कडेत एक लाकडी बादली होती आणि बादलीवर वाळत टाकलेलं एक फडकं. बस, एवढंच. नानांनी तोंड स्क्रीनजवळ आणलं. मग म्हणाले, "बादली. अरे, तरीच ती फरशी ओली आहे! मी पोट्ट्यांले सांगत होतो, बाई नुसती झाडून राहिली." ते खुशीत इतक्या मोठ्यानं ओरडले की म्युझियममधल्या पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. रत्नाकरला मात्र तो आनंद सोसवला नव्हता. नेटवर्कचं निमित्त सांगून त्यानं फोन कापला होता.

"झालं," रत्नाकर आता म्हणाला. "यानंतर संध्याकाळची गाडी पकडली."

सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात विराज उठला. सतरा वर्षांचा विराज, मराठी सगळं समजतं पण तोंडातून हिंदीच निघते. "पापा, आपने बोट का वीडियो तो दिखाया ही नहीं. रुको, मेरे फोन में है."

"राहू दे रे, उशीर झाला."

"दो मिनट लगेगा." आणि त्यानं आपला फोन टीव्हीला जोडलासुद्धा.

बोटीचा व्हिडिओ चांगला होता. त्यात खुर्चीतला म्हातारा होता, पण ओझरता. पूल आला, म्हातारा वाकला, सगळे हसले. नानाही हसले. रत्नाकरनं रिमोट शोधला. रिमोट मंजिरीताईंच्या पदराखाली होता. व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. म्युझियमचं दार. विराजचा स्वतःचा चेहरा, मग खुर्च्यांची रांग, आणि त्याचा आवाज:

"पापा, ये देखो, व्हीलचेयर फ्री! दादाजी आराम से घूम लेते यार."

मागून अर्चनाचा आवाज आला, दबका पण स्वच्छ: "खोटं बोला असं नव्हतं म्हटलं मी तुम्हाला. अर्ज तरी करायचा होता हो नानांचा."

मग रत्नाकरचा: "हळू बोल. आता झालं ते झालं. रायपूरला गेल्यावर कुणाजवळ बोलू नको."

विराजनं झटकन फोन ओढला. टीव्ही काळा झाला. विराजनं त्या दिवशी शूटिंगच्या नादात हे ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं आणि तो बापाकडे बघत राहिला. अर्चना पोह्यांची भांडी उचलायला लागली, ज्यांच्यात अजून पोहे होते. जलेबीचा तुकडा हरिदासरावांच्या हातात तसाच राहिला.

"दादा?" इंदू म्हणाली. "अर्जच नव्हता केला?"

रत्नाकर टीव्हीची वायर गुंडाळायला लागला. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं उगीच म्हणत नाहीत.

"दादा, मी विचारून राहिली. दोन आठवडे माझ्या घरी नाना सगळ्यांले सांगत होते, व्हिसा नाही भेटला, व्हिसा नाही भेटला. लोकांनी काय काय विचारलं त्यांले! अन् तू अर्जच नाही केला? काहून?"

"मीच नको म्हटलं होतं त्याले," नाना म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना चष्मा पुसत होते.

"पण नाना, तुम्हीच तर सांगत होते का..."

"मंग काय सांगू? श्यामकांत मास्तर विमानाले भेला, असं सांगू? छत्तीस वर्षं ज्या चित्राचे गुण गाईले, ते पाहाले जायची हिंमत नाही झाली, असं सांगू? रत्नाकरले मीच म्हटलं, सरकारच्या माथ्यावर मार अन् मले वाचव. त्यानं वाचवलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता तुमच्यासमोर माझी फजिती झाली. हसा अन् मोकळे व्हा. इंदू, ती जलेबी इकडे दे."

हरिदासराव आधी हसले. मग मंजिरीताई. "नाना, तुम्ही पण ना!" इंदूसुद्धा हसली आणि भावाला म्हणाली, "सॉरी रे दादा. मी उगाच बोलली." रत्नाकरनं मान हलवली. बहिणीची माफी त्यानं गुपचूप खिशात घातली. त्याहून नीच काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, आणि ते करताना त्याला ते समजत होतं.

पाहुणे साडेअकराला गेले. विराजनं आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अर्चना म्हणाली, "जा तुम्ही, नानांकडे जा," आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

नाना पलंगावर भिंतीला टेकून बसले होते.

"दार लाव," ते म्हणाले. "कूलरची हवा जाते."

रत्नाकरनं दार लावलं. उभाच राहिला.

"तुम्हाले कधी समजलं, नाना?"

"तुम्ही तिकडे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बँकेत केवायसीचा कागद द्याचा होता, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट उघडला. तू परत आणून देल्ला तेव्हापासून मी उघडलाच नव्हता. लाज वाटे." नानांनी पाय जवळ घेतले. "पासपोर्ट नवीन आला तेव्हा गणपतीसमोर ठेवून मी आत एक दूर्वा ठेवली होती. शिक्का मारायच्या पानात. ती तशीच होती, त्याच पानात, चपटी. मंग मी विचार केला, मुंबईच्या साहेबांनी पान उलटलं असतं तर दूर्वा तिथं राह्यली असती का?"

म्हणजे चित्रासमोरून फोन केला त्या दिवशी नानांना सगळं माहीत होतं. तरी ते "डावीकडे ने" म्हणाले होते, आणि बादली पाहून खूश झाले होते. परत आल्यापासून सह्यांची वही उघडलेली दिसली नाही, याचा रत्नाकरला किती हलकेपणा वाटला होता! त्याचे डोळे भरून आले.

"मंग बोलले काहून नाही?"

"कोणाले बोलू? फोनवर बोलून तुमच्या फिरण्याचा विचका करू? इंदूले सांगून तुमच्यात भांडण लावू?"

"माझं चुकलं, नाना."

"चुकलं," नाना म्हणाले. रागावून नाही, वर्गात चुकलेल्या रेघेवर बोट ठेवायचे तसं. "न नेल्याचं काही नाही, रत्नाकर. मी का लहान आहे? माझे गुडघे मले माहीत आहेत. तू येऊन बसला असता अन् म्हटलं असतं, नाना, मले भीती वाटते, माझ्याच्यानं तुम्हाले नेणं होत नाही. तर मी दोन दिवस फुगून बसलो असतो. अन् तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं असतं, जा रे बाबा तुम्ही, मी नाही येत. पोराले अडचण नको म्हणून बापानं म्हणायचं असते ते. तेवढं एक माझ्याजवळ देण्यासारखं होतं. ते तू मागितलंच नाही. ड्रॉवरमधून परस्पर घेऊन घेतलं."

रत्नाकर पलंगाच्या कडेवर बसला. त्याला रडू आवरेना. नानांनी त्याला रडू दिलं. डोक्यावरून हात फिरवला नाही आणि ऊठही म्हणाले नाहीत.

"अन् आज लोकांसमोर म्हटलं, मीच नको म्हटलं म्हणून," नाना म्हणाले. "ते म्हणायचं होतंच मले. पण तुझं तोंड झाकायले नव्हतं म्हणायचं."

रत्नाकरनं नाक पुसलं. "पुढच्या वर्षी नेतो तुम्हाले. शपथेवर सांगतो. तिथं खुर्च्या आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे. मी स्वतः ढकलीन. नाना, येता का? खरंच विचारून राहिलो."

नानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कितीतरी महिन्यांनी प्रथमच मुलानं त्यांना काही विचारलं होतं, आणि ते खरोखर विचार करत होते.

"नाही रे," ते शेवटी म्हणाले. "एवढं लांब आता माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही जा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. हेच उत्तर रत्नाकरला मार्च महिन्यात, सकाळच्या चहाबरोबर मिळालं असतं.